फिरवलेली खाट



परवा नातवाने विचारले, "आबा, यमाकडे वही असते ना?" म्हटले, वही चित्रगुप्ताकडे. तो म्हणाला, जपानच्या शिनिगामीकडेही असते. शिनि म्हणजे मरण, कामी म्हणजे देव. 'डेथ नोट' नावाची चित्रकथा तिकडे २००३ ते २००६ या काळात क्रमशः निघाली. तीत एक कंटाळलेला मृत्युदेव आपली वही पृथ्वीवर टाकतो. ज्याचा चेहरा आठवून नाव लिहावे, तो मनुष्य मरतो. ती एका हुशार विद्यार्थ्याला सापडते आणि दुष्टांना संपवता संपवता तो आड येणाऱ्या निर्दोषांनाही संपवू लागतो. आपला चित्रगुप्त केलेले लिहितो. इथे लिहिलेले घडते. फरक केवढा!

जपानचा जुना यमराज मात्र मूळचा आपलाच. बौद्ध धर्माबरोबर यम चीनमार्गे तिकडे गेला आणि एन्मा झाला. अंगावर चिनी न्यायाधीशाचा पोशाख, समोर जिवाची कर्मे दाखवणारा आरसा. तिकडचे भाविक मानतात, की या उग्र एन्माचे मूळ रूप म्हणजे जिझो, संस्कृतातला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मेलेल्या लेकरांना सांभाळणारा. न्याय करणारा आणि पोटाशी धरणारा एकच! हे कळले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो.

पण तुम्हाला सांगायची ती गोष्ट राकुगोतली. राकुगो म्हणजे एकट्याने गादीवर बसून सांगायची कथा. हाती पंखा आणि पंचा, तेवढ्यावर सगळी पात्रे उभी करायची. वीणा नाही, मृदंग नाही, टाळकरी नाहीत. तरी तो कथाकार मला आपल्याच घराण्यातला वाटला. सान्यूतेई एन्चो (१८३९-१९००) याने युरोपातल्या एका कथेवरून 'शिनिगामी' रचली. कर्जबाजारी माणसाला शिनिगामी भेटतो, म्हणतो, वैद्य हो. रोग्याच्या पायथ्याशी शिनिगामी दिसला तर मंत्र म्हण, तो निघून जाईल. उशाशी दिसला तर हात लावू नकोस. पुढे मोठ्या रकमेच्या लोभाने हा काय करतो, उशाशी बसलेल्याला डुलकी लागताच रोग्याचे अंथरूणच उलटे फिरवतो. रोगी वाचतो. मग शिनिगामी त्याला गुहेत नेतो. तिथे प्रत्येक जिवाची एक मेणबत्ती, याची विझत आलेली. दुसरीला ज्योत लावलीस तर जगशील. हात थरथरतो, ज्योत विझते आणि कथाकार बसल्या जागी कोसळतो. काही जण हा शेवट बदलतातही.

लोभाची शिक्षा, एवढे बोलून मी मोकळा झालो असतो. पण माउली, अंथरूण मीही फिरवले आहे.

पत्नीचे शेवटचे आजारपण. दिशा-मुहूर्ताला काय भ्यायचे, असे चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. एका रात्री ध्यानात आले, की तिचे पाय दक्षिणेकडे, यमाच्या दिशेला येतात. मुलाला उठवले, दोघांनी खाट फिरवली. ती जागीच होती. म्हणाली, "अहो, आता कशाला?" अकरा दिवसांनी गेली.

कथेतल्या माणसाला पैसा हवा होता, मला ती हवी होती. हात मात्र तसाच थरथरत होता. देह नाशिवंत, हा उपदेश खोटा होता का? मला तसे वाटत नाही. पण तो मी नेहमी दुसऱ्याच्या घरी सांगत होतो. वही हाती आलेल्या त्या पोरालाही मरण म्हणजे दुसऱ्याचेच वाटले असणार.

नातवाला हे सांगितले. त्याने विचारले, "मग आबा, आजीच्या उशाशी कोणी बसलेले दिसले का?"

म्हटले, मी तिकडे पाहिलेच नाही रे.