न आलेल्या दुखण्याचा वैद्य

गावात नवा मनुष्य राहावयास आला आणि त्याने "येथे चांगला डॉक्टर कोण?" असे विचारिले, तर ज्याच्या दारी गर्दी त्याचेच घर त्यास दाखविण्यात येते. सुई टोचतो, सलाईन लावितो, दोन दिवसांत उभे करितो. एवढीच आमची डॉक्टराची पारख. दुखणे येऊच नये म्हणून झटणारा डॉक्टर कोठे भेटेल, असे कोणी विचारिल्याचे आम्ही तरी ऐकिले नाही. आम्हीही कधी विचारिले नाही.

ह्याचे कारण केवळ अज्ञान आहे असे आम्हांस वाटत नाही. पटकीतून वाचलेला मनुष्य आपल्या डॉक्टराचे नाव जन्मभर घेतो. परंतु ज्यास पटकी झालीच नाही, त्याने कोणाचे आभार मानावे? विहिरीत वेळेवर टीसीएल पडली म्हणून वाचलेले मूल कोणते, हे त्याच्या आईसही ठाऊक नसते. उपकार खरा, पण तो कोणावर झाला हे दाखविता येत नाही. मग त्याचे ऋण मानावे काय? आमच्या मते अवश्य मानावे. निसर्गातील विषाणूने पोलिओ झालेला शेवटचा रोगी आपल्या देशात 2011 साली आढळला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांपैकी कोणाचे पाय लशीने वाचविले हे सांगता येत नाही. म्हणून कोणाचेच वाचले नाहीत असे थोडेच आहे?

1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडास आले. त्या अवर्षणाच्या मुलखात लोकांची पहिली हाक औषधासाठी नव्हती, अन्नपाण्यासाठी होती. पुढे गावांनी निवडून दिलेल्या बाया तेथे शिकून तयार झाल्या. त्यांत पुष्कळशा निरक्षर व दलित होत्या. गरोदर बाईची चौकशी, मुलाचे वजन, पाण्याची स्वच्छता ही कामे त्या करू लागल्या. ज्या बाईस काल कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, तिच्याकडून आरोग्याचे शिकणे अनेकांस जड गेले असेल.

ह्या विषयाची मोठी पदवी घेतलेले डॉक्टर बहुधा शहरांतील वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. खेड्यात हेच काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशाताई ह्यांजकडे असते. त्यांपैकी खरा कोण, हे पाहावयाचे असल्यास वाचकांनी एकच प्रश्न विचारून पाहावा: मागच्या लसीकरणाच्या दिवशी कोणते मूल आले नाही? जो त्या मुलाचे नाव व घर सांगेल, आणि आपण त्याच्या घरी कधी जाऊन आलो हेही सांगेल, त्याच्याशी ओळख करून घ्यावी. ती शेजारच्या आळीतील आशाताई निघाली, तरी संकोच करू नये.