आधी शेजार, मग घर

शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर वणीतील एका भावाने माझ्यापुढे आपली अडचण मांडली. कोळसा खाणीतील नोकरीतून साठलेल्या पुंजीतून त्यांना घर बांधावयाचे आहे आणि दोन जागा समोर आहेत. एक जुन्या वस्तीत, मशिदीच्या अगदी हाकेवर. परंतु गल्ली इतकी अरुंद की जनाजा नेतानाही खांदा देणाऱ्यांची दाटी होते आणि पावसाळ्यात नालीचे पाणी उंबऱ्याशी येते. दुसरी जागा गावाच्या कडेला, चिखलगावच्या बाजूला पडलेल्या नव्या लेआउटमध्ये. तेथे रस्ता रुंद आहे, मुलींची शाळा जवळ आहे. शेजारी मात्र कोणी तेलुगू बोलणारे, कोणी उत्तर प्रदेशातून खाणीवर आलेले, कोणी खेड्यातील शेत विकून आलेले कुणबी शेतकरी, तर कोणी बौद्ध शिक्षक. त्या संपूर्ण ओळीत मुसलमानाचे घर एकही नाही. पत्नीची पसंती नव्या जागेला आहे. अम्मींचे म्हणणे असे की, ज्या घरात अजानचा आवाज येत नाही, तेथे मी पाऊल ठेवणार नाही. त्या भावाने विचारले, "जनाब, दीनच्या दृष्टीने बरोबर कोण?"

मी त्या वेळी उत्तर दिले नाही. पत्नी आणि आई यांच्यामध्ये पायरीवर उभ्याउभ्या निवाडा करू नये, इतके शहाणपण वयाने दिले आहे. परंतु हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबे आज याच वळणावर उभी आहेत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

वणी हे कधीच एका जमातीचे गाव नव्हते. निर्गुडेच्या काठचे हे गाव कापसाच्या बाजाराने वाढले, जिनिंगांनी वाढले. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म इथलाच. पुढे उकणी, निलजई, घोन्सा अशा खाणींनी दूरदूरची माणसे येथे आणली. एका पाळीत कोळसा काढणारे चार हात चार भाषांतले असतात आणि तो कोळसा वाहणाऱ्या ट्रकांची धूळ सर्वांच्या अंगणात सारखीच बसते. गाव वाढून चिखलगाव, लालगुडा, गणेशपूरला टेकले. तेथे ज्याला प्लॉट परवडला तो राहावयास आला. शेजारी कोण असेल, हे तेथे जातीने वा धर्माने ठरत नाही, पैशाने आणि योगायोगाने ठरते.

आता दीनकडे वळू. सूरह अन्-निसाच्या छत्तिसाव्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशाला लागूनच माता-पित्यांचा, नातलगांचा, अनाथांचा, गरिबांचा हक्क सांगितला आणि त्याच ओघात दोन प्रकारच्या शेजाऱ्यांचा उल्लेख केला: जो नात्याचा आहे तो आणि जो परका आहे तो. या परक्या शेजाऱ्यात आपल्या धर्माचा नसलेलाही येतो, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरा कापला गेला, तेव्हा त्यांनी घरच्यांना वारंवार विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला की नाही. कारण त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मुखातून ऐकले होते की, जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद देत राहिले की, तो आता वारसदारच ठरविला जाईल असे वाटू लागले. ज्या हक्काची व्याप्ती ही, तो हक्क पाळावयाची संधी केवळ आपल्याच लोकांच्या गल्लीत मिळते, असे कोण म्हणेल?

अरबांमध्ये एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा की, घराच्या आधी शेजार पाहा. पुष्कळजण तिला हदीस म्हणून सांगतात, परंतु तिची सनद कमकुवत आहे, म्हणून मी तिला म्हणच म्हणतो. तरीही तिचा आधार कुरआनमध्ये शोधणाऱ्या विद्वानांनी एक सुंदर गोष्ट दाखविली आहे. फिरऔनच्या पत्नीची दुआ सूरह अत्-तहरीममध्ये आली आहे. ती महालात राहत होती आणि शेजार जगातील सर्वांत जुलमी माणसाचा होता. तिने अल्लाहकडे जन्नतमध्ये घर मागितले, परंतु मागताना अल्लाहचे सान्निध्य आधी मागितले आणि घर नंतर. शब्दांचा क्रमच तसा आहे.

अम्मींचा आग्रह मात्र येथे बाजूला सारता येत नाही. मशिदीजवळ राहण्याची ओढ ही ईमानाची ओढ आहे. ती मदिन्यातही होती, आणि तिच्यावर प्रेषितांनी (स.) काय सांगितले ते लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. बनू सलमा हे अन्सारांचे एक कुळ. त्यांची घरे मस्जिदे नबवीपासून बरीच दूर, मदिन्याच्या कडेला होती. आज जेथे मस्जिदे किब्लतैन आहे, तोच त्यांचा परिसर. मशिदीजवळची जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी वस्ती हलवून तेथे यावयाचे ठरविले. यापेक्षा नेक इरादा कोणता असावा? परंतु प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून, आपल्या घरीच राहा, तुमची पावले लिहिली जात आहेत, अशा अर्थाचे सांगितले. मुस्लिममध्ये हे हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आले आहे. बुखारीमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात आणखी एक गोष्ट आहे: मदिन्याच्या कडा ओस पडाव्यात हे प्रेषितांना (स.) आवडले नाही.

येथे थोडे थांबावे. मशिदीचे प्रेम शहराची कड रिकामी करण्याचे कारण होऊ नये, असे स्वतः मशिदीच्या इमामाने सांगितले. मदिन्याची ती कड म्हणजे काही निव्वळ मुसलमानांची वस्ती नव्हती. शहरात यहुदी कबिल्यांची घरे, बागा, बाजार होते आणि हिजरतनंतर झालेल्या करारात त्यांचेही हक्क नोंदले गेले होते. याच विषयात हजरत उबई बिन कअब (रजि.) एका माणसाची हकिकत सांगतात. त्याचे घर मशिदीपासून सर्वांत लांब, तरी त्याची एकही जमात चुकत नसे. लोकांनी त्याला गाढव विकत घेण्यास सुचविले. त्याने ते मानले नाही. मशिदीच्या भिंतीला लागून घर असावे, अशीही त्याची इच्छा नव्हती. येण्याजाण्याची पावले आपल्या नावे लिहिली जावीत, एवढेच त्याला हवे होते. चिखलगावहून मशीद किती दूर? सायकलने पंधरा-वीस मिनिटे.

परंतु कोणी म्हणेल, मौलाना, तुम्ही हदीस सांगता. आम्हाला भीती वाटते, तिचे काय? या भीतीला मी हसणार नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी कुटुंबांनी आपली घरे सोडून मुंब्र्याची वाट धरली, ती हौसेने नव्हे. २००६ साली सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदविले की, सुरक्षिततेच्या काळजीने मुसलमान एकत्र वस्त्यांत सरकतात, इतरत्र घर भाड्याने वा विकत मिळताना त्यांना नकार ऐकावा लागतो, आणि मग त्याच वस्त्या रस्ते, पाणी, शाळा यांत मागे राहतात. नाव ऐकून खोली 'कालच गेली' असे सांगणारा घरमालक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. मीही पाहिला आहे. ज्याला जीवाची, अब्रूची खरी भीती आहे, त्याने आपल्या माणसांत राहावे. त्यात दीनची काहीही उणीव नाही.

मात्र भीती आणि सवय यांत फरक करावयास हवा. पुष्कळदा आपण ज्याला भीती म्हणतो, ती अनोळख असते. आणि नकार देणारे सगळे पलीकडचेच नसतात, हेही मान्य करू या. आपल्या मोहल्ल्यात खोली भाड्याने देताना बिरादरी विचारणारे, बाहेरगावच्या मजूर मुसलमानाला दारातूनच परत पाठविणारे कोण आहेत? ज्याला लेआउटवाल्याचा नकार टोचतो, त्याने आधी आपल्या ओट्यावरचा नकार आठवावा.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. नव्या लेआउटमध्ये कोण जातो? ज्याला पगार आहे, ज्याची मुलगी बारावीच्या पुढे शिकणार आहे. जुन्या गल्लीत हमाल, पंक्चर काढणारे आणि बेवा स्त्रिया राहतात. बनू सलमाच्या हदीसमधील ओस पडण्याची नापसंती मला येथेही लागू वाटते. कडा ओस पडू नयेत, तसा मधला मोहल्लाही शिकलेल्या माणसांवाचून ओस पडू नये. यावर सोपा तोडगा माझ्यापाशी नाही. जाणाऱ्याने जावे, पण मशिदीच्या मक्तबमध्ये संध्याकाळी शिकविण्याचा आपला वार सोडू नये, फॉर्म भरून देण्याचे काम सोडू नये, एवढे मी त्या भावाला नक्की सांगितले.

जुने घर विकतानाही एक सुन्नत विसरली जाते. हजरत अबू राफिअ (रजि.) यांच्या दोन खोल्या हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात होत्या. त्यांना बाहेरून पाचशे दीनारांची बोली आली होती. तरी त्यांनी त्या सअद (रजि.) यांना चार हजार दिरहमांत, तेही हप्त्यांनी दिल्या, कारण लगतच्या शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. आपल्याकडे मात्र सौदा होऊन रजिस्ट्री झाल्यावर शेजाऱ्याला कळते, आणि मग वर्षानुवर्षे भिंतीवरून भांडण चालते.

आणि नव्या जागेत गेल्यावर? तेथे आपले प्रवचन कोणी ऐकणार नाही, आपले वागणे मात्र सर्वजण पाहतील. ज्याच्या त्रासापासून शेजारी निर्धास्त नाही, तो श्रद्धावान नव्हे, असे प्रेषितांनी (स.) तीनदा शपथ घेऊन सांगितले. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो तेव्हा मोटर लावून शेजाऱ्याचा वाटा ओढू नये. कुर्बानीनंतर एक थेंब, एक हाड रस्त्यावर दिसू नये. शेजाऱ्याला मांस चालत नसेल तर ईदला शीरखुर्मा वा फळे पाठवावीत, आणि आधी विचारून पाठवावीत. हजरत आयेशा (रजि.) यांनी दोन शेजाऱ्यांपैकी भेट कोणाला द्यावी असे विचारले, तेव्हा ज्याचे दार अधिक जवळ त्याला, असे उत्तर मिळाले. दाराचे अंतर मोजावयास सांगितले, धर्म नव्हे.

त्या भावाला मी शेवटी इतकेच म्हटले की, बयाणा देण्यापूर्वी अम्मींना घेऊन एक संध्याकाळ त्या लेआउटमध्ये काढा. दोन्ही बाजूंच्या दारांवर थाप द्या, आम्ही येथे घर बांधण्याच्या विचारात आहोत असे सांगा आणि पाणी, रस्ता, शाळा यांची चौकशी करा. माणसाचा चेहरा दार उघडतानाच कळतो. ते गेले. परतल्यावर अम्मी जागेविषयी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकच अट घातली आहे: गेलोच तर जुने घर विकण्याआधी भिंतीपलीकडच्या बेवा खालांना विचारावयाचे.