कॉयरचा मास्तर

नोव्हेंबर लागला की वसईतल्या बहुतेक धर्मग्रामांत संध्याकाळी कीबोर्डचे सूर ऐकू येतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी कॉयर उभा करायचा असतो. शाळकरी मुलं जमतात, कुणीतरी मोबाइलवर गाणं लावतं, सगळे ते पुन्हा पुन्हा ऐकतात आणि मग सोबत म्हणू लागतात. महिनाभरात गाणी पाठ होतात, नाताळ छान पार पडतो, जानेवारीत कॉयर पांगतो. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा श्रीगणेशा. मुलांचे गळे चांगले आहेत, आईबाप हौसेनं त्यांना आणून सोडतात, पोरंही जीव ओतून गातात. तरीही अशा कॉयरमध्ये लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलीच्या हाती एखादं अनोळखी गाणं स्वरलिपीत लिहून दिलं, तर ते वाचून तिला गाता येत नाही. तिला ते कुणी शिकवलेलंच नसतं. आपल्या चर्चमध्ये गाणी बसवून घेतली जातात. गाणं शिकवणं मात्र जवळपास थांबलं आहे. मला हे मोठं नुकसान वाटतं, आणि ते केवळ संगीताचं नाही.

हा पेच हजार वर्षांचा आहे. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा एक बेनेडिक्टाइन मठवासी याच अडचणीपुढे उभा होता. उपासनेची लॅटिन गाणी मुलं गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करत. त्यात वर्षांमागून वर्षं जात आणि गुरू जवळ नसला की एक नवी ओळही गाता येत नसे. ग्विदोनं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं एक स्तोत्र निवडलं. त्याच्या पहिल्या सहा पदांपैकी प्रत्येक पद आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतं. त्या पदांच्या आद्याक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही सुरांची नावं आली. पुढं 'उत'चं 'दो' झालं. सूर रेषांवर मांडण्याची रीतही त्यानं पक्की केली. आपल्या एका पत्रात तो सांगतो की पूर्वी दहा वर्षं खर्चूनही जे धड साधत नसे, ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत साधतं. पाश्चात्य संगीताची आजची लिपी अशी चर्चमधल्या मुलांना शिकवण्याच्या निकडीतून घडत गेली.

ती आपल्या किनाऱ्यावर आली पोर्तुगीजांबरोबर. 1542 साली गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर घंटा वाजवत रस्त्यानं फिरत, मुलं गोळा करत आणि धर्मतत्त्वं त्यांच्याकडून गाऊन घेत. पुढं चर्चला जोडून शाळा निघाल्या. तिथं अक्षरओळख, प्रश्नोत्तरी आणि संगीत एकत्र शिकवलं जाई. शिकवणारा तो मेस्त्रे. रविवारी तोच कॉयर सांभाळी, लग्नात आणि अंत्यविधीत तोच व्हायोलिन धरी. त्याच्या शिकवण्याचा क्रम ठरलेला होता: आधी सोल्फेजो, म्हणजे हातानं ताल देत सुरांची नावं घेत वाचून गाणं. ते अंगी मुरेपर्यंत वाद्याला हात लावायला मिळत नसे. मुलगा गोड गळ्याचा आहे की नाही हे कुणी आधी पारखून घेत नव्हतं. चर्चच्या शाळेत आला म्हणजे तो गाणं वाचायला शिकणार, एवढंच गृहीत होतं. मग उपवासकाळात गायले जाणारे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे मोतेत, घरोघरी आणि क्रुसापाशी होणारी लादायन्य ही प्रार्थना यांत तो दुसरा किंवा तिसरा आवाज धरून उभा राही.

मराठी वाचकाला या शाळांचं फळ ठाऊक आहे, झाड कदाचित ठाऊक नसेल. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक इतक्या संख्येनं का होते? समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाचून वाजवणारी माणसं मुंबईला हवी होती आणि ती पॅरिशच्या शाळांतून तयार होऊन येत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच घरातले. त्यांचे वडील चर्चच्या कॉयरचे मास्तर होते. संगीतकार प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं आणि शिष्यानं 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचं नाव देशभर पोचवलं. चर्चनं हे सिनेमासाठी केलं नव्हतं. प्रार्थना नीट गायली जावी म्हणून गावातल्या साध्या पोरांना शिकवलं आणि त्यातून देशाला दोन-तीन पिढ्या वादक मिळाले. फक्त हुशार मुलं निवडून शिकवली असती, तर इतकं पीक आलं नसतं.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोल्फेजो शिकवणारी तीच सत्ता इथल्या गाण्यावर बंदी घालत होती. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि 1736 च्या त्याच्या फर्मानानं लग्नघरातल्या ओव्यांनाही मनाई केली. त्याच्या एकशे वीस वर्षं आधी, 1616 मध्ये, त्याच भूमीत राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं. लोक ते उपवासकाळात गात. एकाच चर्चच्या पोटात ओवी रचणारा जेझुइट आणि ओवी बंद करणारा न्यायाधीश, दोघंही होते. आज आपण मुलांना शिकवायला बसतो तेव्हा यातला कुठला वारसा पुढं न्यायचा हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

मग हे शिक्षण आटलं कसं? पुष्कळजण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडे बोट दाखवतात: लॅटिन गेली, गिटार आली, कॉयर संपला. कागद मात्र वेगळं सांगतात. 22 नोव्हेंबर 1903 रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी पत्रक काढलं आणि लहान, खेडेगावातल्या चर्चमध्येही गायकांच्या शाळा पुन्हा सुरू करा असं सांगितलं. (त्याच पत्रकात बायकांना कॉयरमध्ये मज्जाव आहे आणि वरचे आवाज मुलग्यांकडून गाऊन घ्यावेत असं म्हटलं आहे. आज आमच्याकडचे बहुतेक कॉयर मुलींच्या जिवावर उभे आहेत, हे पाहता त्या काळानं केवढं धन नाकारलं होतं ते कळतं.) व्हॅटिकन परिषदेच्या 4 डिसेंबर 1963 च्या दस्तऐवजानंही कॉयर नेटानं वाढवा, गाणाऱ्या मुलांना उपासनेचं खरं शिक्षण द्या, असंच म्हटलं. शिवाय जिथं लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथं तिला मानाचं स्थान द्या, हेही. आपण त्यातलं सोपं तेवढं उचललं. लोकांची भाषा आली, टाळ-पेटी आली आणि मास्तर मात्र कुणी नेमला नाही.

भजनाचीही तीच गत झाली. मुंबईत जर्मन फादर जॉर्ज प्रोक्श यांनी अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून भारतीय रागतालांतलं ख्रिस्ती गाणं उभं करायला आयुष्य दिलं. त्याआधी मराठीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाचा पाया घालून ठेवला होता. या कामामागं रियाज होता. नंतरच्या मंडळींनी भजन म्हणजे सोपं, कुणालाही जमतं, अशी समजूत करून घेतली. कीबोर्डवर तयार ठेका लावायचा आणि त्यावर अभंग ओढायचा. समेवर येणं नाही, सुराला चिकटणं नाही. चार आवाजांचं गाणं परक्यांचं म्हणून सोडलं आणि आपलं म्हणून जे धरलं ते शिकलोच नाही. ज्यांना खरोखर देशी उपासनासंगीत हवं आहे त्यांनी तर दुप्पट शिकवायला हवं.

वर्गात काय करायचं, याबद्दल माझी मतं पक्की आहेत. पहिलं वर्ष माइक बंद ठेवावा. माइकपुढं मूल ओरडतं किंवा कुजबुजतं, आवाज टाकायला शिकत नाही. मोठ्यांच्या खालच्या पट्टीत मुलांना गायला लावू नये. त्यांचा आवाज वर हलका आणि मोकळा असतो, तिथंच तो घडवावा. पोर्तुगीज वळणाच्या शिक्षणात 'दो' एकाच जागी स्थिर असतो, आपला 'सा' गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे सरकतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जॉन कर्वेन यांनी लोकप्रिय केलेल्या टॉनिक सोल-फा पद्धतीतला 'दो'सुद्धा असाच सरकता आहे. म्हणून आमच्या मुलांनी सारेगमपासूनच सुरुवात करावी, तानपुऱ्याच्या सुरात एकेक स्वर लावून पाहावा आणि मग पाच रेषांकडे वळावं. दोन्ही दारं त्याच घरात उघडतात.

दुसरा आवाज शिकवणं हे सगळ्यांत अवघड आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम. आपले कान एका सुरावटीत वाढलेले असतात. आल्टो, म्हणजे खालचा आवाज, धरलेली मुलगी दोन ओळींत शेजारणीच्या सोप्रानोवर, म्हणजे वरच्या आवाजावर, घसरते. तिला दटावून उपयोग नसतो. आधी एकच गाणं दोन गटांनी मागंपुढं सुरू करायचं, मग एका गटानं षड्ज धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं त्यावर चालायचं. हळूहळू तिला कळतं की शेजारीण वेगळं गातेय म्हणून आपलं चुकत नाही, आणि आपलं टिकवायचं तर तिचं ऐकावंच लागतं. हे ज्याला बाराव्या वर्षी उमगलं, तो पुढं कुठल्याही सभेत, कुठल्याही घरात वेगळा माणूस म्हणून बसतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि शब्द. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं आणि दर रविवारी एक प्रतिसाद-स्तोत्र असतं. आठव्या वर्षी आलेलं मूल चौदाव्या वर्षापर्यंत टिकलं तर ते चक्र दोनदा गाऊन पूर्ण करतं. स्तोत्रसंहितेतला संताप, भीती, आनंद, पश्चात्ताप त्याच्या तोंडी बसलेला असतो. धर्मशिक्षणाच्या तासाला पुस्तकातून हे इतकं खोल जात नाही. इंग्रजी माध्यमातली आमची बरीच मुलं मराठी गाणी आता रोमन लिपीत वाचतात, 'ळ' आणि 'ण' त्यांच्या जिभेवरून निसटतात. विलायती चालीवर बेतलेल्या अनुवादात ऱ्हस्व अक्षर लांबवलं जातं आणि दीर्घ अक्षर चेपलं जातं, तेव्हा शब्द कानाला मराठी वाटतच नाही. हे सुधारायला सुरांइतकीच भाषा जाणणारा मास्तर लागतो.

नववी-दहावी आली की आईबाप मुलांना कॉयरमधून काढतात. त्यांच्यावर रागावून काय होणार? वर्षातून एक महिना चालणाऱ्या गोष्टीला ते शिक्षण का म्हणतील? ज्यांना परवडतं ते फी भरून खासगी क्लासला पियानो शिकवतात आणि तिथल्या परीक्षांची प्रमाणपत्रं मुलांना मिळतात. कोळीवाड्यातल्या किंवा वाडीतल्या ज्या मुलाला ती फी झेपत नाही, त्याच्यासाठी चर्चची शाळा हीच एक जागा होती. ती जागा आपण रिकामी ठेवली आहे.

धर्मग्राम समित्यांवर बसणाऱ्या भावा-बहिणींना माझी विनंती आहे. सणाची रोषणाई, बँड, मंडप आणि नवे स्पीकर यांवरचा खर्च एकदा कागदावर मांडा. त्यातला काही भाग काढून एक मास्तर किंवा बाई वर्षभरासाठी नेमा, त्यांना सन्मानानं पगार द्या आणि आठवड्यातले दोन तास त्यांच्या हाती सोपवा. येईल त्या प्रत्येक मुलाला घ्या, गळा तपासू नका, फी मागू नका. पहिल्या नाताळला गाणं कच्चं होईल. होऊ द्या, आणि जानेवारीत वर्ग बंद करू नका.