निजण्याचा अधिकार

सायंकाळी वैनगंगेच्या काठी फिरावयास निघालेली चार वयस्क माणसे एकत्र आली, की पूर्वी पाऊसपाण्याचा, धानाच्या भावाचा किंवा नागपूरकडच्या सोयरिकींचा विषय निघत असे. अलीकडे प्रकृतीची चौकशी झाली, की लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘रात्री झोप लागते ना?’ या प्रश्नाला मोकळेपणाने ‘हो’ म्हणणारा आमच्या वयाचा मनुष्य विरळाच. मग प्रत्येकजण आपापला उपाय सांगतो. कोणी दुधात जायफळ उगाळून घेतो, कोणी काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळवून घेतो, कोणी उलटे आकडे मोजतो. आम्हीही यांतले बहुतेक उपाय करून पाहिले आहेत आणि ते अगदीच निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही.

शरीराच्या बाजूने पाहिले तर या विषयात आता पुष्कळ ज्ञान उपलब्ध आहे. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले. आधुनिक शास्त्रज्ञांनी देहातल्या दिनरात्रीच्या घड्याळाचा शोध लावला आणि त्याबद्दल २०१७ साली हॉल, रोसबाश व यंग या तिघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शास्त्राचे सांगणे साधे आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे आणि रात्री डोळ्यांपुढे प्रखर उजेड धरू नये. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, कारण तिच्यातील कॅफीनचा अर्धा अंश पाच-एक तासांनंतरही देहात शिल्लक असतो. वीस मिनिटे पडूनही झोप आली नाही, तर अंथरुणावर तळमळत न राहता उठून बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. वयोमानाने गाढ निद्रेचा भाग कमी होतो, हेही शांतपणे स्वीकारावे. हे सर्व पाळूनही ज्याला झोप येत नाही, त्याने वैद्याकडे अवश्य जावे.

परंतु वैद्याने नाडी पाहून ‘काही नाही’ असे सांगितल्यावरही जी जाग उरते, तिचा विचार आज कर्तव्य आहे. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपल्या आजीच्या पिढीने आपल्याला शिकविली. तिच्याबरोबरच आणखी एक समजूत आपल्या घरांत रुजली. ती अशी, की ज्याचे मन स्वच्छ त्याला झोप स्वस्थ. म्हणजे निद्रा ही सदाचरणाची मजुरी आणि निद्रानाश ही पापाची शिक्षा. ही समजूत खरी असेल, तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हातून एखादी चूक घडली आहे आणि ती दुरुस्त व्हावयाची राहिली आहे, त्याला निजण्याचा अधिकार आहे काय?

या प्रश्नाचे जुने उदाहरण महाभारतात आहे. उद्योगपर्वातील एका उपपर्वाचे नावच प्रजागर, म्हणजे जागरण. पांडवांकडून परतलेला संजय धृतराष्ट्राची कानउघाडणी करतो आणि निरोप उद्या सभेत सांगेन म्हणून निघून जातो. राजाला झोप येईना. तो विदुराला बोलावून घेतो. विदुर प्रथम त्याला झोप कोणाला येत नाही हेच सांगतो. बलवानाने ज्याच्यावर चाल केली आहे असा दुर्बळ, ज्याचे धन गेले आहे तो, कामातुर आणि चोर. मग तो हळूच विचारतो, की महाराज, परक्याच्या धनाचा लोभ तर आपल्याला जाळीत नाही ना? ज्या उपदेशाला आपण विदुरनीती म्हणतो, तो सारा एका निद्राहीन माणसाला रात्री केलेला उपदेश आहे.

आम्हाला मात्र त्या उपदेशापेक्षा त्याचा शेवट अधिक विचार करावयास लावतो. धृतराष्ट्र म्हणतो, की तू सांगतोस ते पटते, माझी बुद्धी पांडवांकडे वळतेही, पण दुर्योधन समोर आला की ती पुन्हा फिरते. नंतर सनत्सुजातांचा बोध होतो, रात्र सरते, सभा भरते आणि राज्याचा वाटा जिथल्या तिथे राहतो. राजाचे ते जागरण पांडवांच्या काय उपयोगी पडले? त्याच ग्रंथात पुढे दुसरी एक रात्र आहे. कृपाचार्य आणि कृतवर्मा वटवृक्षाखाली झोपी गेले आहेत आणि क्रोधाने पेटलेला अश्वत्थामा एकटा जागा आहे. झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड त्याला दिसते आणि झोपलेल्यांना मारण्याचा विचार त्याच जागेपणात जन्मतो. सारांश, जागे राहणे हे पुण्य नव्हे आणि प्रायश्चित्तही नव्हे.

हे आम्ही केवळ ग्रंथाधारे लिहीत नाही. शासकीय सेवेत असताना एका विधवा स्त्रीचे फेरफाराचे, आपल्या इकडच्या भाषेत नामांतरणाचे, प्रकरण आमच्यापुढे आले होते. पतीच्या निधनानंतर अडीच एकर धानाच्या शेतावर आपले नाव चढावे, एवढीच तिची मागणी. कागद पुरेसे होते. तरी पुढे कोणी बोट दाखवू नये म्हणून आम्ही आणखी एक दाखला मागितला आणि तो आल्यावर दुसरा. ती तीनदा येऊन गेली. मग आमची बदली झाली आणि ते प्रकरण तसेच मागे राहिले. आम्ही लाच घेतली नाही, कोणाचे दडपण मानले नाही, एक नियमही मोडला नाही. म्हणूनच नोकरीच्या काळात आम्हाला उत्तम झोप लागत असे. स्वच्छ मनाची झोप ही अशीही असू शकते.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, ती बाई आठवू लागली. तिचा चेहरा आठवत नसे. हातातली कापडी पिशवी आणि तीत घडी करून ठेवलेले कागद तेवढे आठवत. जायफळाचा उपयोग झाला नाही. कित्येक महिने आम्ही जागून काढले आणि खरे सांगायचे तर त्या जागण्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटू लागला होता. आपले मन किती हळवे आहे, असा तो अभिमान. शेवटी एके दिवशी आम्ही त्या गावी गेलो. नामांतरण झाले होते, पण चार वर्षांनी आणि तेही मुलाच्या नावे, कारण तोवर ती हयात नव्हती. मुलाने चहा दिला. आम्ही सांगावयाचे ते सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढेच म्हणाला, ‘आईला बस लागत असे. प्रत्येक वेळी घरी येऊन ती दोन दिवस पडून राही.’

त्या रात्री आम्हाला गाढ झोप लागली असे लिहिता आले असते, तर हा लेख सोयीचा झाला असता. तसे झाले नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट झाली. आमच्या जागण्याने तिचा एकही हेलपाटा वाचला नसता. जे करावयाचे होते ते दिवसा, कचेरीच्या वेळेत, एका सहीने करावयाचे होते. दिवसाचे कर्तव्य चुकविणाऱ्याने रात्री स्वतःला शिक्षा करून घ्यावी, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. त्या शिक्षेतून समोरच्याला काही मिळत नाही, मिळते ते आपल्यालाच, आपण भले असल्याचे समाधान.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या मायकेल स्कलिन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सत्तावन्न तरुणांना निजण्यापूर्वी पाच मिनिटे लिहावयास सांगितले. काहींनी गेल्या काही दिवसांत पार पाडलेली कामे लिहिली, काहींनी पुढे करावयाची. दुसऱ्या गटाला सरासरीने सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, तरुणांवरचा आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी त्यातला संकेत आम्हाला मोलाचा वाटतो. केलेल्या कामांची यादी झोप आणीत नाही. राहिलेले काम कबूल करून, त्याला उद्याचा दिवस नेमून दिला, की मन त्याची राखण सोडते.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. पंढरपुरास रोज रात्री शेजारती होते आणि देव निजतो. दिवसभरात सर्व भक्तांची सर्व दुःखे सरली म्हणून नव्हे, तर दिवस संपला म्हणून. आषाढी यात्रेच्या आधी मात्र विठ्ठलाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते. ज्या देवशयनी एकादशीपासून विष्णू निजतो असे आपण मानतो, तिच्याच दिवसांत तो पंढरीत लेकरांसाठी जागा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवितात आणि पलंग पुन्हा मांडतात. जागरण करावयाचे ते समोर कोणी उभे असताना. समोर कोणी नसताना केलेल्या जागरणाने कोणाची सेवा होते?

म्हणून आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. चुकलेल्यालाही निजण्याचा अधिकार आहे, कारण झोप ही मजुरी नव्हेच. मात्र निजण्यापूर्वी चूक विसरणे निराळे आणि ती लिहून ठेवून उद्याच्या स्वाधीन करणे निराळे. पहिल्यात आमची नोकरीची तीस वर्षे गेली. दुसरे आम्ही उशिरा शिकलो. आता रात्री उशाशी एक वही असते. आठवड्यातील एक सकाळ आम्ही खेड्यांतून येणाऱ्यांचे अर्ज लिहून देतो, कोणता कागद खरोखर लागतो आणि कोणता लागत नाही ते सांगतो, म्हणजे एखादा हेलपाटा तरी वाचावा. त्या बाईचे ऋण यातून फिटत नाही आणि अधूनमधून तिसऱ्या प्रहरी ती पिशवी अजूनही दिसते. तेव्हा आम्ही दिवा लावतो, दुसऱ्या दिवशी कोण येणार आहे ते वहीत पाहतो आणि दिवा मालवून कुशीवर वळतो.