रॉबर्टचा निरोप

वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात मी 'पुण्यस्मरण' घ्यायला बसायचो. फोटोखालच्या चार ओळी बहुधा मीच जुळवायचो: देह गेला, आत्मा अमर आहे, अशा धर्तीच्या. लोक त्या वाचायचे आणि हळूच विचारायचे, "साहेब, आईच्या हातच्या पुरणपोळीचं कुठं बसेल का?" आत्म्याच्या अमरत्वाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून एला व्हीलर विल्कॉक्स (1850–1919) मला आपल्या धंद्यातली वाटते. विस्कॉन्सिनच्या शेतकरी घरातली ही बाई वर्तमानपत्री कवितेवर अमेरिकेत घरोघरी पोचली. राज्यपालांच्या समारंभाला निघाली असताना आगगाडीत काळ्या कपड्यांतली एक बाई रडताना दिसली. त्यातून सुचलेली 'सॉलिट्यूड' 1883 मध्ये 'न्यूयॉर्क सन'नं छापली आणि पाच डॉलर दिले. पुढं समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनी वाईट कवितेचा नमुना म्हणून तिची एक कविता घेतली. घेऊ देत. तिच्या वाचकांना रिचर्ड्स कुठं ठाऊक होते?

1895 मध्ये न्यूयॉर्कला ती नवरा रॉबर्टसोबत विवेकानंदांची व्याख्यानं ऐकायला जायची. मरणानंतरच्या जगावर तिचा पक्का विश्वास. जो आधी जाईल त्यानं पलीकडून निरोप पाठवायचा, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. 1916 मध्ये रॉबर्ट गेला आणि निरोप काही येईना. बाई सैरभैर झाली. कॅलिफोर्नियात जाऊन मॅक्स हाइंडेल या गूढवाद्याला भेटली. शेवटी प्लँचेटसारख्या अक्षरांच्या पाटीवर रॉबर्ट बोलला, असं तिनंच आत्मचरित्रात लिहिलंय.

शिकलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल. मलाही तो निरोप खरा वाटत नाही. पण वेदान्त ऐकलेल्या बाईनं असं का करावं, हे कळतं. अमर आत्म्याला ना नाव, ना खोकण्याची लकब. तिला रॉबर्ट हवा होता. आपल्या तुकोबांनी तरी मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवासच मागितला ना?

आमच्या गल्लीतल्या कीर्तनकारबुवांना मी एकदा विचारलं, "मोक्ष मिळालेल्याला घरचे आठवतात का हो?" बुवा म्हणाले, "आठवण राहिली तर मोक्ष कसला?" शास्त्राला धरूनच बोलले ते. पण असला मोक्ष एलानं परत पाठवला असता, आणि सही करायला मीही तिच्यामागं रांगेत उभा राहिलो असतो.