खांबाला टेकून

डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिन्हीसांज झाली की मला धास्ती वाटायची. दिव्याचं बटण पलंगापासून सात पावलांवर आणि माझ्या एका पावलाला वॉकरची चार टोकं सावरावी लागतात. मग शेजारच्या सूनबाईला हाक. ती कणकेचे हात घेऊन धावत यायची. "बाई, संकोच कसला करता?" म्हणायची. संकोच व्हायचाच. जन्मभर झेडपीच्या शाळेत पोरांना स्वावलंबन शिकवलं आणि आता साधा दिवा लावायला दुसऱ्याची सून!

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आला आणि दिव्याला, पंख्याला, दाराला काय काय बसवून गेला. उशाशी एक डबी ठेवली. "आई, नुसतं बोलायचं." डबीला मराठी येत नाही. त्यामुळे ज्ञानोबांनी जिथे गीता मराठीत आणली त्या नेवाशात मी दिव्याची विनवणी हिंदीत करते. पण दिवा लागतो. पहिल्या दिवशी मी तो अकरा वेळा लावला आणि विझवला.

त्या रात्री झोप आली नाही. दिवा मी लावला की डबीने? संकोच गेला खरा, पण तो गेला याचा अर्थ मी स्वावलंबी झाले का? या शब्दाची फोड वर्गात कितीदा केली असेल. अवलंबन म्हणजे टेकणं, आधार घेणं. स्वतःच स्वतःला टेकायचं. आजारपणानंतर मी ते करून पाहिलं आहे. माणूस थेट जमिनीवर जातो.

आमच्या गावात प्रवरेकाठी पैसाचा खांब आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानोबांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, असं परंपरा सांगते. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला 'पैस' हे नाव दिलं ते याच खांबावरून. शाळेच्या सहली मी तिथे किती नेल्या, पण एवढ्या मोठ्या ग्रंथाला टेकायला दगड लागला आणि लिहायला दुसऱ्याचा हात लागला, हे कधी डोक्यात आलं नाही. नगरजवळच्या मेहेराबादचंही तसंच. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं, ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत. बरीच वर्षं ते अक्षरांच्या फळीवर बोट फिरवत. १९५४ साली फळीही सोडली आणि नुसत्या खुणांवर आले. फळी असो की खुणा, त्या वाचून सांगायला शेजारी माणूस लागायचाच.

यावर कुणी म्हणेल, त्यांचं टेकणं मर्जीचं, तुमचं नाइलाजाचं. बरोबर आहे. ज्ञानोबा ताठ बसू शकत होते. माझं दुःख टेकण्याचं नव्हतंच. कुणाला, कधी, कशासाठी टेकायचं हे माझ्या हातात उरलं नव्हतं, ते खुपत होतं. डबीने त्यातलं थोडं परत दिलं. थोडंच; वीज गेली की ती मुकी होते, म्हणून बॅटरी अजून खुंटीला आहे. आणि खरं सांगू का, स्वातंत्र्याचा विचार करताना डबीपेक्षा मला शेजारच्या सासूबाईंची कमोडची खुर्ची आठवते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये खात्यात आले, त्यातून घेतली. रात्री कुणाला उठवावं लागत नाही, म्हणून त्या आता पोटभर पाणी पितात. असलं स्वातंत्र्य कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही.

डबी आल्यावर एक मात्र झालं. आठ दिवस सूनबाई फिरकली नाही. तिचं काय चुकलं? हाकच नव्हती. उपकाराचं ओझं उतरवताना येणंजाणंही उतरवून ठेवलं, हे मला नवव्या दिवशी कळलं. हाक मारली. "काय हवं होतं, बाई?" "काही नाही गं. बैस."

आता दर गुरुवारी दुपारी ती तासभर येते. तिचे तांदूळ मी निवडून देते; ते एका हाताने जमतं.