जागांच्या आकड्यापलीकडचा मतदार

४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, दुपारपर्यंत बहुतेक एक्झिट पोल तोंडघशी पडले होते. भाजपप्रणीत आघाडी साडेतीनशेच्या पुढे जाणार, असं वाहिन्या तीन दिवस सांगत होत्या. आघाडी २९३ वर थांबली, भाजप एकटा २४० वर. सर्वेक्षकांवर टीकेची झोड उठली आणि ती रास्तच होती. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘लोकनीती-सीएसडीएस’ या संशोधन संस्थेच्या पाहणीत मतदारांनी काय सांगितलं होतं, याची आठवण फारशी कुणी काढली नाही. निवडणुकीतला सर्वांत मोठा मुद्दा म्हणून २७ टक्क्यांनी बेरोजगारी सांगितली होती, २३ टक्क्यांनी महागाई. राममंदिर सांगणारे ८ टक्के होते. सत्ताधारी आघाडी त्याही पाहणीत पुढे होती, तरी लोकांच्या मनात काय खदखदतंय ते त्या उत्तरांत दिसत होतं.

मतं मोजणं आणि जागा सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. महाराष्ट्रात त्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांना जवळपास सारखी, ४४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. जागा मात्र महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. मुंबई वायव्यचा निकाल तर ४८ मतांनी लागला. असा फरक कोणत्या नमुन्यात सापडणार? निवडणूक विश्लेषक प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी १९८० च्या दशकात विरोधकांच्या एकीचा निर्देशांक वापरला तो याच अडचणीपायी: मतं किती यापेक्षा ती किती उमेदवारांत विभागली, यावर जागा ठरतात.

मतदाराच्या अभ्यासाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि तिचा एक धागा पुण्यातून जातो. राज्यशास्त्रज्ञ व. म. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदाराचा अभ्यास केला. दिल्लीत रजनी कोठारींनी १९६३ मध्ये सीएसडीएस उभारलं आणि १९६७ पासून राष्ट्रीय पाहण्या सुरू झाल्या. पुढे खंडित झालेलं हे काम १९९० च्या दशकात योगेंद्र यादवांनी पुन्हा उभं केलं. पुण्याचे सुहास पळशीकर त्यात दीर्घकाळ आहेत. या पाहण्यांनी दाखवलेली एक गोष्ट लोकशाहीच्या कोणत्याही अभ्यासकाला थांबवते. अमेरिकेत गरीब माणूस श्रीमंतापेक्षा कमी मतदान करतो. भारतात गरीब आणि दलित मतदार सुखवस्तूंच्या मागे नाहीत. कोण जिंकणार एवढंच विचारणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

अशी माहिती फुकट मिळत नाही. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं निवडायची, त्या माणसाच्या घरी जायचं, तो शेतावर गेला असेल तर पुन्हा यायचं. शेजारी रिकामा बसलाय म्हणून त्याला विचारायचं नाही. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देऊ लागतो, ओट्यावर चारजण जमतात, आणि गावात दबदबा असलेल्या पक्षाविरुद्ध बोलायला माणूस कचरतो. म्हणून लोकनीतीचे अन्वेषक चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका देतात. उत्तरकर्ता खूण करून ती पेटीत टाकतो. शहरातल्या टोलेजंग सोसायट्यांचं फाटक तर उघडतच नाही. न बोलणारे लोक कोण, हे ज्याला माहीत नाही त्याच्या नमुन्याचा आकार कितीही मोठा असो, त्यावर भरवसा ठेवणं अवघड.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल रोखतं. नमुना कसा निवडला, पैसे कुणी दिले, किती जणांनी उत्तर नाकारलं, हे सांगण्याची सक्ती मात्र त्यात नाही. निदान प्रश्नावली आणि या तीन गोष्टी जागांच्या आकड्यासोबत पडद्यावर यायला हव्यात. पुढच्या विधानसभा निवडणुकांपासून हे सुरू करायला कायदा बदलण्याचीही गरज नाही, वाहिन्यांच्या संपादकांनी ठरवलं तरी पुरे.